चिठ्ठी कोणाची हे न विचारणारा पोस्टमन

आमच्या घरी एक जुना संगणक रात्रंदिवस चालू असतो. त्यावर लिनक्स ही प्रणाली आहे आणि त्यात दोन सारख्याच हार्ड डिस्क आहेत. एकीवर जे लिहिले जाते तेच दुसरीवरही लिहिले जाते. एक बिघडली तरी दुसरी शाबूत राहावी आणि तेवढ्या अवधीत नवी आणून बसवावी, असा हिशेब. बिघाड झालाच तर संगणकाने आम्हाला ई-मेलने कळवावे, अशीही सोय होती. दोन वर्षांपूर्वी पहिली डिस्क बंद पडली. संगणकाने इमानेइतबारे पत्र लिहिले, आणि नंतर रोज एक लिहीत राहिला. त्यातले एकही आमच्यापर्यंत पोहोचले नाही. चार महिन्यांनी दुसरी डिस्क खडखडू लागली तेव्हा आम्ही उघडून पाहिले, तर शंभरावर पत्रे त्या संगणकाच्याच पत्रपेटीत, न पोहोचल्याच्या शेऱ्यासह परत येऊन पडलेली. आमच्या एका विद्यार्थिनीने एका पावसाळ्यात घेतलेली थेंबांच्या आकाराची मोजमापे त्या डिस्कवर होती. निम्मी वाचली, निम्मी गेली. तो पावसाळा पुन्हा मोजता येत नाही. दुसरी प्रत वेगळ्या जागी का ठेवली नव्हती, हा प्रश्न वाचकांच्या मनात आला असेल तर तो रास्त आहे, आणि त्याचे उत्तर आमच्याकडे नाही.

पण या लेखाचा विषय डिस्क नव्हे. घरचा संगणक बाहेर पत्र का पाठवू शकत नाही आणि तो पाठवू लागावा म्हणून काय करायचे, हे समजून घेण्यासाठी आम्ही जे लिखाण वाचले, त्याचे हे परीक्षण आहे. कथा-कादंबऱ्यांची समीक्षा होते, पाठ्यपुस्तकांचीही क्वचित होते. यंत्रे कशी लावावीत हे सांगणाऱ्या लिखाणाची मात्र कोणी करत नाही. वास्तविक आजचा विद्यार्थी धड्यांइतकेच हे लिखाण वाचतो, आणि त्यातून शिकण्याच्या सवयी उचलतो. चांगल्या आणि वाईटही.

आधी अडचण काय आहे ते पाहू. ई-मेल एका संगणकाकडून दुसऱ्याकडे जाते ती एसएमटीपी या नियमावलीने. दोन संगणकांचा तो साधा संवादच असतो. पत्र नेणारा प्रथम स्वतःचे नाव सांगतो, मग 'पत्र अमक्याकडून', मग 'पत्र तमक्याला', मग मजकूर, आणि शेवटी एका ओळीत एकटाच पूर्णविराम, म्हणजे मजकूर संपला. घेणारा प्रत्येक वाक्याला तीन अंकी उत्तर देतो. पहिला अंक २ असेल तर ठीक, ३ असेल तर पुढे बोला, ४ असेल तर आत्ता नाही, थोड्या वेळाने या, आणि ५ असेल तर साफ नकार. नियमावलीचे मूळ लेखन जोनाथन पोस्टेल यांचे, ऑगस्ट १९८२ चे. इंटरनेटच्या नियमांच्या या मालिकेला आरएफसी म्हणतात, म्हणजे 'अभिप्रायासाठी विनंती'. हे तिच्यातले ८२१ वे टिपण.

टिपण म्हणून ते उत्तमच आहे. मुद्दा सांगितला की लगेच उदाहरण, आणि उदाहरणात स्मिथ, जोन्स, ग्रीन, ब्राउन अशी साधी माणसे. स्मिथचे पत्र जोन्सला पोहोचते, ब्राउनला पोहोचते, पण ग्रीन नावाचा कोणी तिथे नाही म्हणून त्याच्यापुरते ५५० हे उत्तर येते. बाकीच्यांची पत्रे त्यामुळे अडत नाहीत. नियमाचा अर्धा गाभा या एका प्रसंगात कळतो. शिक्षकांनी हे टिपण केवळ मांडणीसाठी म्हणून वाचावे, असे आम्ही आग्रहाने सुचवू.

त्यात एक प्रश्न मात्र कुठेच विचारलेला नाही. पत्र नेणारा सांगतो की हे स्मिथचे आहे. घेणारा ऐकतो. स्मिथ खरेच स्मिथ आहे का, हे पाहण्याची तरतूद नाही. एवढेच नव्हे, दुसऱ्याचे पत्र तिसऱ्याकडे पोहोचवणे हे त्या व्यवस्थेत सौजन्य होते. वाटेत कोणकोणत्या यंत्रांतून जायचे, हे पत्त्यातच लिहिण्याची सोय होती. संवादातील भूमिकांची अदलाबदल करण्याचीही एक आज्ञा होती. तिच्यामुळे दुसऱ्या यंत्राचे नाव सांगून त्याची पत्रे मागून घेणे शक्य झाले असते. पुढे ती अर्थातच मोडीत काढावी लागली.

यावरून 'तो काळच भाबडा होता' असे म्हणण्याची प्रथा आहे. आम्हीही वर्गात तसे सांगत आलो होतो. ते खरे नाही. याच पोस्टेल यांनी नोव्हेंबर १९७५ मध्ये ७०६ क्रमांकाचे एक टिपण लिहिले होते. जेमतेम पानभराचे. विषय नको असलेले टपाल. नकोशा ठिकाणाहून येणारे संदेश नाकारण्याची काही सोय यंत्राला हवी, ती आजच्या रचनेत नाही, असा त्याचा आशय. मे १९७८ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या एका विक्री अधिकाऱ्याने अर्पानेटवरच्या काही शे लोकांना एकाच वेळी जाहिरात पाठवली आणि बराच गहजब झाला. म्हणजे धोका माहीत होता, तो घडूनही गेला होता. तरी १९८२ च्या नियमावलीत त्याचा मागमूस नाही. पोस्टेल यांच्या मनात काय होते याचा तर्क आम्ही करणार नाही. मात्र टीकाकार म्हणून एवढे म्हणू, की माहीत असलेली उणीव लेखकाने त्याच पानावर नोंदवून ठेवली असती, तर नंतर वाचणाऱ्यांना ती रचनाच परिपूर्ण वाटली नसती. प्रयोगवहीत आपण मुलांना 'त्रुटी' असा रकाना लिहायला लावतो तो यासाठीच. २००१ साली निघालेल्या सुधारित नियमावलीत, म्हणजे आरएफसी २८२१ मध्ये, सुरक्षेवर स्वतंत्र विभाग आहे आणि ही टपालव्यवस्था मुळातच असुरक्षित आहे, खोट्या नावाने पत्र पाठवणे सहज शक्य आहे, अशी कबुली त्यात सरळ दिलेली आहे. एकोणीस वर्षे लागली.

मधल्या काळात सौजन्याचा गैरवापर व्हायचा तो झालाच. आपल्या पत्रपेटीतही कोणीही पत्र टाकू शकतो, पण त्यावर तिकीट चिकटवावे लागते. लाख पत्रे टाकायची तर लाख तिकिटे. ई-मेलला तिकीट नव्हते. दुसऱ्याच्या यंत्राला एक पत्र आणि हजार पत्ते दिले की ते बिचारे हजार घरी वाटत सुटे. म्हणून नव्वदच्या दशकाच्या अखेरीस दारे बंद होऊ लागली. सेंडमेल ही त्या काळची सर्वांत प्रचलित टपाल-आज्ञावली. १९९८ सालच्या तिच्या ८.९ या आवृत्तीपासून परक्याचे पत्र पुढे न नेणे हा मूळ स्वभाव ठरला. घरगुती जोडण्यांचे पत्ते ओळखून त्यांच्याकडून थेट आलेले टपाल न घेण्यासाठी याद्या तयार झाल्या. बऱ्याच इंटरनेट सेवादारांनी घरगुती ग्राहकांसाठी २५ क्रमांकाचे द्वार, ज्यातून हा संवाद चालतो, तेच बंद केले. आमच्या संगणकाची पत्रे अडली ती तिथे. पलीकडून 'नाही' असे उत्तर आले असते तर पत्र लगेच परत फिरले असते. उत्तरच आले नाही, म्हणून तो थांबत, पुन्हा प्रयत्न करत राहिला. पाच दिवसांनी त्याने नाद सोडला आणि पत्र पाठवणाऱ्याला, म्हणजे स्वतःलाच, परत केले.

आता उपाय. घरच्या संगणकाने जगभर स्वतः पत्रे वाटत फिरू नये. त्याने सगळी पत्रे एका मोठ्या टपालघराकडे सोपवावीत, आणि सोपवताना आपण तिथले खातेदार आहोत हे सिद्ध करावे. सरकारी मराठीत याला 'अधिप्रमाणन' म्हणतात. आम्ही 'ओळख पटवणे' म्हणू. डिसेंबर १९९८ मध्ये अशा सोपवणुकीसाठी ५८७ हे वेगळे द्वार नेमले गेले, मार्च १९९९ मध्ये ओळख पटवण्याची आज्ञा आली (आरएफसी २५५४), आणि २००७ साली तिची सुधारित आवृत्ती निघाली (आरएफसी ४९५४). आधीच्या टिपणाच्या तुलनेत ही दोन्ही रुक्ष आहेत. अचूक आहेत, पण स्मिथ-जोन्स हरवले.

या व्यवहारात एक जागा अशी आहे जिथे वाचणारा हमखास फसतो. संगणक खातेदाराचे नाव आणि परवलीचा शब्द पाठवतो ते जसेच्या तसे दिसत नाहीत, काहीतरी अगम्य अक्षरमाळ दिसते. पाहणाऱ्याला वाटते, हे गुप्त केलेले आहे. मुळीच नाही. ते बेस-६४ नावाचे लिप्यंतर आहे. कागद-पेन्सिलने करून पाहा. 'कॅट' या इंग्रजी शब्दाच्या सी, ए, टी या तीन अक्षरांचे संकेतांक ६७, ६५ आणि ८४. त्यांची द्विमान रूपे आठ-आठ अंकांची लिहा:

०१००००११ ०१००००१ म्हणून थांबू नका, पुढचे शून्य राहिले की सगळे गणित बिघडते. पूर्ण रूपे ०१००००११, ०१०००००१ आणि ०१०१०१०० अशी आहेत. हे चोवीस अंक सलग मांडून सहा-सहाचे गट पाडा: ०१००००, ११०१००, ०००१०१, ०१०१००. म्हणजे १६, ५२, ५ आणि २०. बेस-६४ च्या तक्त्यात ० ते २५ मोठी इंग्रजी अक्षरे, २६ ते ५१ छोटी, ५२ ते ६१ शून्य ते नऊ हे अंक, आणि उरलेली दोन चिन्हे. आपल्या चार संख्यांची अक्षरे येतात क्यू, शून्य, एफ, यू. आठवीतला मुलगा हे उलटे करून 'कॅट' परत मिळवू शकतो. यात गुपित कुठे आहे? म्हणून ओळख पटवण्याआधी सगळा संवादच कूटबद्ध करून घ्यावा लागतो. द्वार ५८७ वर तो साध्या भाषेत सुरू होतो आणि मध्येच कूटबद्ध होतो. ४६५ वर पहिल्या अक्षरापासून कूटबद्ध असतो, आणि जानेवारी २०१८ च्या आरएफसी ८३१४ चा कल या दुसऱ्या पद्धतीकडे आहे.

आता आज्ञावलीकडे येऊ. आमच्या संगणकावर पोस्टफिक्स आहे. ती वित्सा वेनेमा यांनी लिहिली, १९९८ च्या डिसेंबरात आयबीएमकडून ती खुली झाली. वेनेमा मूळचे भौतिकशास्त्रज्ञ. तिच्या माहितीपत्रकांत तो शिस्तीचा हात दिसतो: प्रत्येक विधानाला अट जोडलेली, प्रत्येक मूळ मूल्य नोंदवलेले, आणि जिथे सुरक्षा अपुरी आहे तिथे तसे स्पष्ट लिहिलेले. आम्ही वाचलेल्यांत सर्वांत प्रामाणिक लिखाण हेच. तरीही घरी बसून वाचणाऱ्याच्या दृष्टीने त्याची मांडणी उलटी आहे. ओळख पटवण्याविषयीच्या पत्रकात आधी दुसऱ्यांची ओळख कशी तपासावी हे येते, म्हणजे टपालघर चालवणाऱ्याचे काम. आपली ओळख कशी द्यावी, हे बरेच पुढे. दोन्हीकडच्या सूचनांची नावे जवळजवळ सारखी: एकीकडे 'एसएमटीपी' ने सुरू होणारी, दुसरीकडे 'एसएमटीपीडी' ने. त्या एका 'डी' चा अर्थ 'पत्रे घेणारा' असा आहे. आम्ही पहिल्या संध्याकाळी 'डी' वाल्या ओळी लिहून बसलो होतो. संगणकाने तक्रार केली नाही. त्याच्या दृष्टीने त्या ओळी योग्यच होत्या, फक्त आमच्या कामाच्या नव्हत्या.

पण खरा राग आम्हाला आहे तो तिसऱ्या प्रकारच्या लिखाणाचा. याला आम्ही 'पाककृती' म्हणतो, आणि त्यात पाककृतींचा थोडा अपमान होतो हेही जाणतो. चांगली सुगरण 'पाक दोन तारी झाला की उतरवा' असे सांगते. म्हणजे काय पाहायचे ते सांगते. इथे फक्त आठ-दहा ओळी असतात: या उतरवून घ्या, आज्ञावली पुन्हा सुरू करा, झाले. आम्ही त्या उतरवल्या आणि 'नो मेकॅनिझम अव्हेलेबल' असे उत्तर आले. ओळख पटवण्याची कोणतीही पद्धत उपलब्ध नाही. या एका वाक्यामागे दोन अगदी वेगळी कारणे असू शकतात. एक, त्या पद्धती ज्या ग्रंथालय-घटकात असतात तो घटकच बसवलेला नसणे. डेबियनसारख्या वितरणात तो वेगळा घ्यावा लागतो. दुसरे, पोस्टफिक्स मुळात उघड परवलीचा शब्द पाठवायला नकार देते. पहिल्या कारणात हत्यार नाही, दुसऱ्यात हत्यार आहे पण ते वापरायला मनाई आहे. वैद्याने तापाची दोन कारणे वेगळी ओळखावीत तसे इथे ओळखायला हवे. पाककृती काय करते? मनाईच काढून टाकायला सांगते. सरसकट. वास्तविक पोस्टफिक्समध्ये संवाद कूटबद्ध झाल्यानंतर लागू होणारी वेगळी सूचना आहे. तेवढीच सैल केली की कूटबद्ध वाटेवर परवलीचा शब्द जातो आणि उघड्या वाटेवरची मनाई कायम राहते. एका ओळीचा फरक. तो का करायचा हे सांगायला आणखी दोन ओळी लागल्या असत्या.

दुसरी गोष्ट याहून गंभीर. पाककृतीत कूटबद्धतेची पातळी 'एन्क्रिप्ट' ठेवायला सांगतात आणि शेजारी प्रमाणपत्रांच्या संचाचा पत्ताही लिहायला सांगतात. वाचणाऱ्याची समजूत होते की पलीकडच्या यंत्राचे प्रमाणपत्र तपासले जाते आणि ते खोटे निघाले तर व्यवहार थांबतो. तसे होत नाही. 'एन्क्रिप्ट' चा अर्थ एवढाच की संवाद कूटबद्ध हवा, कोणाशी का असेना. वाटेत कोणी तोतया टपालघर थाटून बसला तर आपण त्याच्याशी अत्यंत गुप्तपणे बोलून त्याला आपला परवलीचा शब्द देऊन टाकू. नाव तपासायचे तर 'सिक्युअर' ही पातळी हवी. आपली ओळख पटवण्याच्या नादात समोरच्याची ओळख विचारायची राहून जाते. १९८२ ची उणीव आपण उलट्या दिशेने पुन्हा करतो.

आणि तिसरी, शिळेपणाची. जीमेलने ३० मे २०२२ पासून बाहेरच्या आज्ञावलींना खात्याचा नेहमीचा परवलीचा शब्द घेणे बंद करायला सुरुवात केली. आता दुपदरी तपासणी चालू करून अशा आज्ञावलीपुरता सोळा अक्षरांचा वेगळा शब्द मागून घेता येतो. हा बदल चांगला आहे. घरच्या संगणकाला घराच्या सगळ्या किल्ल्या न देता एकच किल्ली द्यायची, हरवली तर तेवढी रद्द करायची. मात्र हा शब्द साध्या मजकुरात एका फाइलीत राहतो, ती फाइल इतरांना वाचता येणार नाही अशी परवानगी ६०० ठेवावी लागते, आणि त्यातून बनवलेल्या जोडफाइलीलाही तीच. अनेक पाककृती पहिल्या फाइलीवर थांबतात. काही तर अजून 'कमी सुरक्षित आज्ञावलींना परवानगी' नावाची खूण दाबायला सांगतात. ती खूण आता अस्तित्वात नाही. लेखाला तारीख नसते, म्हणून वाचणारा दोन तास ती शोधत बसतो आणि दोष स्वतःला देतो.

ज्या शाळेत लिनक्सचा एखादा संगणक असेल तिथे शिक्षकांनी पाककृतीआधी एक प्रयोग करून दाखवावा. टेलनेट या आज्ञेने स्वतःच्याच संगणकाच्या २५ व्या द्वाराशी जोडणी करा, आणि वर सांगितलेला संवाद हाताने टाइप करा. पत्र त्याच संगणकावरच्या खातेदाराला पाठवा, बाहेर नको. पाठवणारा म्हणून न्यूटनचे नाव घाला. यंत्र २५० म्हणेल. मुले हसतील, आणि मग कोणीतरी विचारेलच की हे चालते कसे. तिथून धडा सुरू करावा. मजकुराच्या वर 'प्रेषक' म्हणून आणखी तिसरेच नाव लिहून पाहा. पाकिटावरचे नाव आणि आतल्या मायन्यातले नाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हा डोळ्यांनी दिसते.

आमचे काम तिसऱ्या संध्याकाळी झाले. संगणकाने पाठवलेले चाचणीचे पत्र आमच्या फोनवर आले तेव्हा ती विद्यार्थिनी शेजारी होती. तिने प्रेषकाचे नाव पाहिले आणि विचारले, "सर, हे पत्र तर तुम्हीच तुम्हाला पाठवलंय, असं दिसतंय. संगणकाचं नाव कुठे गेलं?" नाव गेले होते खरे. आम्ही पाठवले होते संगणकाच्या नावाने. टपालघराने आमचे खाते ओळखले आणि प्रेषकाच्या जागी त्याच खात्याचा पत्ता घातला. त्याला ओळखता येते ते खाते. त्यामागे माणूस आहे, यंत्र आहे की किल्ली पळवणारा चोर आहे, हे त्याला दिसत नाही. आम्ही वाचलेल्या एकाही लिखाणात ही गोष्ट अशी मांडलेली नव्हती. तिने विषयाच्या ओळीत संगणकाचे नाव घालायला सुचवले, आणि आम्ही ते घातले.